सोलापूरभोवती सायकलीला शांत रस्ते: आरे सोडा, धाव धरा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बदलीनं सोलापुरात आलात, हायब्रिड सायकल आहे, रविवारी चाळीस ते साठ किलोमीटर चालवायची सवय आहे. पहिल्या रविवारी पुणे रस्ता केलात, दुसऱ्या रविवारी अक्कलकोट रस्ता, आणि दोन्ही वेळा ट्रकच्या वाऱ्यानं जीव मुठीत धरून परत आलात. थोडा चढउतार असलेले, कमी गर्दीचे डांबरी रस्ते इथं आहेत का, आणि असतील तर ते हुडकायचे कसे?

आहेत, आणि बऱ्याच सोलापूरकरांना वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. मी या भागात बावीस वर्षं सायकल चालवतोय. त्यातली पहिली तीन वर्षं तुमच्यासारखीच वाया घालवली. शहरातून जो रस्ता बाहेर पडतो तो धरायचा, वीस किलोमीटर जायचं, चहा प्यायचा आणि त्याच रस्त्यानं परत. चहा तेवढा चांगला असायचा.

नकाशा समोर घ्या आणि सोलापूर हा बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गाभा, धरा. त्यातून सात आरे निघतात: पुणे, बार्शी, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, विजापूर आणि मंगळवेढा. पुणे-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५, तुळजापूर-विजापूर हा ५२, मंगळवेढ्याकडचा १६६. आऱ्यांवर शांतता मिळणं अवघडच, कारण आसपासच्या प्रत्येकाला काही ना काही कामानं सोलापुरात यायचंच असतं. कुणाला दवाखाना, कुणाला कोर्ट, कुणाला बाजार समितीत कांदा घालायचाय. पण एका आऱ्यावरचं गाव शेजारच्या आऱ्यावरच्या गावाला जोडणारे जे आडवे रस्ते आहेत, त्यांवरून कोण जातं? सोयरिकीला निघालेली एखादी मोटारसायकल, दूधवाला, शाळेचे गुरुजी आणि मेंढरं. आपला रस्ता तो, म्हणजे या चाकाची धाव, चाकाला बाहेरून बसवलेली गोल लोखंडी पट्टी. आऱ्यावर जायचं ते धावेपर्यंत पोचण्यापुरतं, आणि परत येताना शक्यतो दुसऱ्या आऱ्यानं शहरात शिरायचं.

एवढं एकदा डोक्यात बसलं की मार्गांच्या याद्या कुणाकडे मागाव्या लागत नाहीत. तरी काही खुणा सांगतो, त्या मला उशिरा कळल्या.

किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. माथा नारिंगी दिसला की ग्रामसडक, म्हणजे आपलं काम झालं. ग्रामसडकेचं डांबर साधारण पावणेचार मीटर रुंद असतं. समोरून जीप आली तर दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं, त्यामुळे वेगानं जाणारा माणूस या रस्त्याच्या वाटेलाच जात नाही. तिथंच कुठंतरी योजनेचा फलक असतो. त्यावरची काम पूर्ण झाल्याची तारीख आवर्जून वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची देखभाल पाच वर्षं ठेकेदाराकडे असते. पाच वर्षांच्या आतला रस्ता बहुधा गुळगुळीत मिळतो. सातव्या-आठव्या वर्षीचा असेल तर खडी वर आलेली असणार हे धरूनच चाला.

मोबाईलमधल्या नकाशावर मात्र आंधळा भरवसा ठेवू नका. त्याला पाणंद आणि डांबरी रस्ता यांतला फरक कळत नाही. ‘तीन किलोमीटर वाचतील’ असं सांगून तो तुम्हाला एखाद्या शिवरस्त्यावर घालतो. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत शंभर पावलांवर चाक फिरायचं थांबतं. माती टायरला चिकटते, टायरची ब्रेकला, आणि मग सायकल खांद्यावर. ती माती काडीनं खरवडण्यात माझी एक सबंध सकाळ गेली आहे, आणि घरी आल्यावर अंगण धुण्यात दुपार.

आता मातीवर आलोच आहोत तर तेच आधी सांगतो, कारण इथला रस्ता कसा असेल हे डांबरापेक्षा खालची माती जास्त ठरवते. सोलापूरभोवती ढोबळ मानानं दोन प्रकारची जमीन आहे. नदीकाठाला भीमा-सीनेचं काळं खोल रान, आणि दोन ओढ्यांच्या मधला उंचवटा म्हणजे मुरमाड माळ. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ताही तसाच वर-खाली होतो. डांबर लाटा धरतं आणि कडेला, रस्त्याच्या लांबीत, उभ्या चिरा पडतात. माळावरचा रस्ता मुरमावर बसलेला असल्यानं वर्षानुवर्षं सपाट राहतो. शिवाय माळावर ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणजे ट्रॉल्या नाहीत. तुम्हाला हवा तो चढउतारही माळावरच आहे. मोठा घाट नाही, पण एक टेकाड चढलं की ओढ्यात उतरायचं, लगेच दुसरं टेकाड. तीस किलोमीटरमध्ये असे वीसेक झाले की मांड्यांना कळतं.

त्या उभ्या चिरांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मंद्रूपच्या अलीकडे एका फेब्रुवारीत, सकाळी साडेसातला, मी तेवीस मिलिमीटरच्या टायरची रोड बाईक घेऊन चाललो होतो. डाव्या हाताला ज्वारी काढणीला आलेली, कणसांवर चिमण्या, आणि माझं लक्ष त्या चिमण्यांकडे. पुढचं चाक चिरेत गेलं. चीर दोन बोटं रुंद असेल, पण टायर तीत असा बसला जसं ट्रामचं चाक रुळात बसावं. हँडल वळेना. सायकल जागेवर थांबली आणि मी पुढं गेलो. कोपर आणि गुडघा सोलवटला. काढणी करणाऱ्या बायकांपैकी एक आजी धावत आल्या, कन्नड-मराठीत माझी यथेच्छ हजेरी घेतली आणि त्यांच्या पाण्याच्या घागरीतलं पाणी जखमेवर ओतलं. मग भाकरीबरोबरची शेंगाचटणी पुढं करून म्हणाल्या, ‘खा आधी, मग रड.’ दुसऱ्याच आठवड्यात मी बत्तीसचे टायर बसवले. तुमच्या हायब्रिडला ते आधीच असतील. कुणी वेगाच्या नादानं बारीक टायर बसवायला सांगितलं तर ऐकू नका. हवाही पंपावर ठणठणीत भरू नका. माझं वजन बहात्तर किलो आहे आणि मी साठ पीएसआयच्या आसपास ठेवतो. खडबडीत ग्रामसडकेवर त्यानं हातांना मुंग्या येत नाहीत.

आता दिशा.

उत्तर ही माझी सगळ्यात लाडकी. नान्नज, मार्डी, कारंबा, गुळवंची, अकोलेकाटी या गावांना एकमेकांशी जोडणारे रस्ते माळरानातून जातात. नान्नज बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर आहे. तिथं माळढोक पक्षी अभयारण्य आहे, १९७९ सालचं. एकेकाळी कागदावर या अभयारण्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, नगर जिल्ह्यापर्यंत पसरलेलं. पुढं ते छाटून सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. माळढोक आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल, त्या आशेनं जाऊ नका. काळवीट मात्र हमखास. डिसेंबरात सूर्य वर यायच्या सुमारास मार्डीच्या बाजूला उंचवट्यावर थांबा. आधी नुसतं पिवळं गवत दिसतं, मग त्यातला एक ठिपका मान वर करतो, आणि मग कळतं की समोर पंचवीस-तीस जनावरं उभी आहेत आणि मघापासून आपल्याकडेच बघतायत. सायकलीला ती मोटारीइतकी बुजत नाहीत, पण तुम्ही थांबून खाली पाय टेकवलात की उधळतात. म्हणून थांबायचं असेल तर लांब थांबा. एक नर रस्ता ओलांडून उडी मारून गेला तर लगेच पेडल मारू नका, मागून अख्खा कळप येतो. एकदा मी दुसऱ्या आणि तिसऱ्या उडीच्या मधोमध सापडलो होतो. दोघांचीही छाती धडधडत होती.

लांडगा दिसला तर भाग्य समजा, घाबरायचं कारण नाही, तोच आधी निघून जातो. डांबर सोडून गवतात मात्र शिरू नका. एक तर ते संरक्षित क्षेत्र आहे. दुसरं म्हणजे टिटवी, चंडोल, धाविक यांची अंडी तिथं उघड्यावरच असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. आणि तिसरं म्हणजे कुसळं. मोज्यात शिरलेली कुसळं दोन धुण्यांनंतरही टोचतात.

याच बाजूची द्राक्षं तुम्ही खाल्ली असतील. ‘सोनाका’ हे वाण नान्नजचंच. सोलापूर, नान्नज आणि ते वाण काढणारे काळे यांची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेच्या कडेला थांबलात तर माल भरणारी माणसं घड हातात देतात आणि पैसे घेत नाहीत. पण द्राक्षाच्या हंगामात आडव्या रस्त्यांवर पिकअप आणि छोटे टेम्पो वाढतात, तेही सकाळी लवकर. एरवी पाच किलोमीटरमध्ये दोन वाहनं भेटतात तिथं दहा भेटतील.

बार्शी रस्त्यानं जाऊन नान्नजला चहा, तिथून आडवं मार्डीकडे, आणि कारंब्याच्या बाजूनं परत, असा फेरा पन्नासच्या आत-बाहेर बसतो. तुम्हाला पहिला हाच सुचवीन. नान्नजनंतर बार्शीच्या दिशेनं वडाळ्याकडे गेलात तर दारफळ, वैराग अशी वाढवायला भरपूर जागा आहे. बीबीदारफळला साखर कारखाना आहे, तो चालू असताना त्या बाजूला वळू नका.

दक्षिणेचं रूप अगदी वेगळं. विजापूर रस्त्यानं वडकबाळला सीना ओलांडली की तुम्ही दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात येता. उत्तरेला सीना, दक्षिणेला टाकळीपाशी भीमा, आणि पूर्वेला दोन्ही नद्या जवळ येत येत कुडलला एकमेकींना मिळतात. मधलं सगळं काळं रान, ज्वारीचं. चढ नावाला नाहीत, पण हिवाळ्यात सकाळी धुकं नदीकडून रानात सरकतं तेव्हा इथून परतावंसं वाटत नाही. महामार्ग मात्र मोठा आहे, तो सोडायची घाई करा. या रस्त्यावर ‘तेरा मैल’ नावाचा फाटा आहे. मैलाचे दगड जाऊन पिढ्या झाल्या, फाट्याचं नाव काही किलोमीटरमध्ये बदललेलं नाही.

महामार्गाच्या डावीकडे, पूर्वेला, बरूर-हत्तरसंग बाजूचे रस्ते धरून कुडलच्या संगमावर जा. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी. तुमच्या साठला थोडं जड, पण थंडीत जमेल. हत्तरसंग कुडलचं संगमेश्वराचं देऊळ जुनं आहे, तिथल्या शिलालेखावर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ आहे. तारीख असलेल्या मराठी शिलालेखांत तो सगळ्यात जुना मानला जातो. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाछि तो विजेया होईवा’ ही त्यातली ओळ, म्हणजे हे वाचील तो विजयी होईल. चाळीस किलोमीटर उलट्या वाऱ्यात येऊन ती वाचणाऱ्याला तर नक्कीच. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. तेही बघा, पण सायकलीचे बूट घातलेत तर दगडी पायऱ्यांवर जपून. तळव्याचं लोखंड घसरतं.

सीनेच्या अलीकडून, म्हणजे होटगी स्टेशनावरून औराद-राजूरकडे जाणारा रस्ता हा याच भागाचा दुसरा दरवाजा. होटगी रस्ता हा आठवा, छोटा आरा म्हणा. विजापूर रस्त्यापेक्षा मी हल्ली यानंच दक्षिणेला जातो. होटगीच्या पुढं गर्दी एकदम गळते.

इथं एक गंमत आहे ती सायकलवाल्यांनाच उपयोगी पडते. सीनेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायला-काढायला वरून जी वाट ठेवलेली असते, ती बऱ्याच बंधाऱ्यांवर चारचाकीला अरुंद पण सायकलीला, मोटारसायकलीला पुरेशी असते. त्यामुळे बंधाऱ्यापर्यंत जाणारे दोन्ही काठांचे रस्ते मोटारीच्या दृष्टीनं ‘डेड एंड’ असतात आणि आपल्या दृष्टीनं सरळ आरपार. यापेक्षा शांत रस्ता मला माहीत नाही. एकच नियम पाळा: वरून पाणी वाहत असेल, मग ते घोट्याएवढं का असेना, तर मागं फिरा. शेवाळावर सायकल काय, माणूसही उभा राहत नाही. कठड्याचे पाइपही सगळीकडे शिल्लक नसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं जो पूर दाखवला, त्यानंतर मी काठचा कुठलाही रस्ता जुन्या आठवणीवर धरत नाही. आधी गावात विचारतो.

विचारायचं म्हटलं तर दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यात पुष्कळ घरांत कन्नड बोलतात. मराठी सगळ्यांना कळतं, पण थांबून ‘नीर कोड्री’ म्हणालात तर पाण्याबरोबर बसायला घोंगडंही येतं. बोअरचं पाणी काही गावांत सवळ, म्हणजे खारट, लागतं, म्हणून दोन बाटल्या घरूनच भरून न्या.

पूर्वेला वळसंग, धोत्री, मुस्ती, तांदुळवाडी, बोरामणी हा पट्टा. अक्कलकोट आणि हैदराबाद या दोन आऱ्यांच्या मधली धाव. मुरमाड, उघडा, झाडं कमी, चढउतार चांगले. तासन्‌तास माणूस भेटत नाही असं इथंच होतं. वळसंगला चहा घेऊन निघायचं, मधे काही मिळेलच असं धरायचं नाही. अंगात जोर असेल तर याच दिशेनं पुढं चपळगाव, कुरनूरचं धरण आणि बोरी नदीच्या वरच्या अंगाला नळदुर्गचा किल्ला. पण तो शंभराच्या वरचा दिवस होतो, पुढच्या वर्षी बघा. मार्चनंतर या पट्ट्यात जाऊ नका, सावली औषधालाही नाही.

पश्चिमेबद्दल थोडक्यात. तिऱ्हे, शिवणी, तेलगाव ही सीनेकाठची गावं, रस्ते बरे, पण ऊस. मी तिकडं जातो ते जून ते सप्टेंबर, जेव्हा ट्रॉल्या नसतात आणि वारा पश्चिमेचा असतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर घाम गाळायचा, येताना पाठीवर वारा घेऊन तरंगत यायचं. उलट केलंत तर परतीचे वीस किलोमीटर चाळीस होतात. लांबोटीला चिवड्यासाठी थांबायचा मोह होतोच. तो पुणे महामार्गावर आहे, तेव्हा चिवडा घ्या आणि लगेच आत वळा.

तुळजापूर रस्ता मी सायकलीला मोजतच नाही, हिप्परग्याच्या तलावापर्यंत सोडून. १८७१ मध्ये बांधून झालेला हा एकरुख तलाव शहरापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. ऑफिसच्या दिवशी सकाळी तासाभरात जाऊन यायला ठीक, थंडीत पाणपक्षी असतात. पुढं तुळजापूरचा घाट आहे आणि चढायची हौस असेल तर तोच जवळचा, पण त्यावर तुमच्याबरोबर ट्रकही चढत असतात.

रस्ता शांत का आहे हे कळलं की तो कधी शांत नसेल तेही कळतं. इथली रहदारी घड्याळापेक्षा पंचांगावर चालते. गुरुवारी अक्कलकोट रस्ता स्वामींच्या भक्तांनी भरतो. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा तुळजापूरच्या. नवरात्रात रात्री-पहाटे तुळजापुराहून ज्योत घेऊन पळत निघालेली गावोगावची पोरं रस्त्यावर असतात, मागं-पुढं त्यांच्या मोटारसायकली. कोजागरीला तर सोलापूर ते तुळजापूर माणसांची नदी वाहते आणि वाहनं दुसरीकडून वळवतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या दिशेचं नाव काढू नका. यात आणखी एक जोडा, ज्या गावातून जायचंय तिथला आठवडी बाजाराचा वार. तो विचारूनच घ्या. बाजाराच्या दिवशी आडवा रस्तासुद्धा दहा वाजता वडापच्या जीपगाड्यांनी गजबजतो.

आणि ऊस. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की साधारण मार्चपर्यंत ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक चालते. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, असला तर तो उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर पूर्ण आवाजात असतो, तुमची घंटी त्याला ऐकू जाणार नाही. चढावर ट्रॉली पुढं असेल तर ओलांडायला जाऊ नका, ती मागं सरकू शकते. उतारावर ती मागं असेल तर सरळ रस्ता सोडून खाली उतरा, तिचे ब्रेक हा श्रद्धेचा विषय आहे. रस्त्यात पडलेलं उसाचं कांडं पहाटेच्या अंधारात दिसत नाही, म्हणून हंगामात मी उजाडल्याशिवाय कारखान्याच्या पट्ट्यात चाक घालत नाही. भंडारकवठ्यालाही कारखाना आहे, हे दक्षिणेला जाताना लक्षात ठेवा.

आऱ्यांवरून बाहेर पडताना चौपदरी रस्त्याला जिथं सर्व्हिस रोड आहे तिथं तो धरा, पण नजर समोर. गावकरी वळसा वाचवायला उलट दिशेनं येतात, बहुतेक वेळा विनादिव्याचे. मागचा लाल ब्लिंकर सगळेच लावतात. पुढचा पांढरा दिवा मी दिवसाही चालू ठेवतो, तो या मंडळींसाठी.

पंक्चरबद्दल. काचा, खिळे हे शहरात. माळावर तुमचे शत्रू दोन: वेड्या बाभळीचा काटा आणि सराटा. बाभळीचा काटा निदान दिसतो. सराटा म्हणजे हरभऱ्याएवढं काटेरी फळ, कडेच्या मातीत वेल पसरलेला असतो. पाऊस संपल्यावर ती फळं वाळतात आणि ऑक्टोबरपासून रस्त्याच्या कडेला सडा पडतो. समोरून जीप आली म्हणून साइडपट्टीवर उतरलात की टायरला सात-आठ चिकटलेच. अशा वेळी ते लगेच उपटू नका. आधी बघा, हवा जातेय का. जात नसेल तर ज्यांची टोकं आरपार गेली नाहीत ते हलक्या हातानं झाडा. जात असेल तर सगळे मोजून काढा आणि टायरच्या आतून बोट नाही, कापडाचा तुकडा फिरवा. राहिलेलं टोक त्यात अडकतं. बोट फिरवलंत तर बोटात अडकतं. मी एकदा एक टोक तसंच ठेवून नवी ट्यूब घातली, आणि मग दुसरी. तिसरी नव्हती. अकरा किलोमीटर चालत आलो, त्यातले दोन एका बैलगाडीत.

तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याशिवाय बसत नाही. शहरातल्या एका दुकानानं मला ‘आजकाल सगळीकडे चालतं’ म्हणून तो दिलाच नव्हता. चालत नाही.

खळ्याचे दिवस आले की तूर, उडीद, सोयाबीन सरळ डांबरावर अंथरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली मळणी व्हावी म्हणून. त्यावरून सायकल घालू नका. तुरीच्या काड्या मागच्या डेरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रात, गुंडाळल्या की तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकतो, आणि सुट्या दाण्यांवरून चाक सटकतं. उतरून कडेनं चाला. तसंही ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य आहे.

कुत्री गावात कमी त्रास देतात, मेंढरांबरोबरची जास्त. कळप दिसला की वेग कमी करा. धनगर दिसेल असं बघा, त्याला हात करा, तो एक हाक मारतो आणि कुत्री बसतात. तो दिसलाच नाही तर सायकलीवरून उतरा, सायकल मधे ठेवा आणि चालत जा. पळणाऱ्या पायांच्या मागं कुत्रं लागतं, चालणाऱ्याचा त्याला कंटाळा येतो. अगदीच अंगावर आलं तर वाकून दगड उचलल्यासारखं करा. दगड असायची गरज नाही.

वेळेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सहाच्या सुमाराला निघा. मार्चपासून पाचला, आणि नऊच्या आत घरी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि माळावरून परावर्तित होणारी झळ त्याहून वाईट असते. त्या दोन महिन्यांत मी हिप्परग्यापलीकडे जात नाही. पाऊस इथं कमीच, पण त्यातला मोठा भाग सप्टेंबरला येतो, तेव्हा काळ्या रानाचे रस्ते त्या महिन्यात वगळून माळ धरा.

या रविवारी नान्नजचा फेरा करणार असाल तर घरून खाऊन निघू नका. नान्नजला गाडा उघडलेला असेल तर चुरमुऱ्यांचा सुशीला आणि भजी घ्या, मग मार्डीकडे वळा. जानेवारी असेल आणि एखाद्या रानात धूर दिसला तर तो हुरड्याचा असेल. तिथं थांबलात तर फेरा दुपारपर्यंत लांबतो, घरी तसं सांगून ठेवा.